गांडूळ आपला मित्र. पण कोणतं गांडूळ?

गेल्या दिवाळीत आमच्या पिरनवाडीच्या दोन एकरांसाठी एक प्रस्ताव आला. शेतात गांडूळखताची शेड उभारायची, गांडुळं आणि प्लॅस्टिकचे बेड कंपनी देणार, तयार खतातलं काही खत आपल्याच जमिनीत घालायचं, उरलेलं कंपनी विकत घेणार. शिवाय गांडुळांमुळे जमिनीत कार्बन साठतो म्हणून दरवर्षी ‘कार्बन क्रेडिट’चे पैसे खात्यावर जमा. करार पंधरा वर्षांचा. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर, आपण सगळ्यांनी चौथी-पाचवीत पाठ केलेलं वाक्य होतं: गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे.

काकांचं वय अडुसष्ट. शेत तेच बघतात. आम्ही चुलत भावंडं पुणे, बेंगळूर आणि त्याही पलीकडे पांगलेलो. घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन मतं पडली. एक म्हणे सही करून टाका, दुसरा म्हणे त्यापेक्षा प्लॉट पाडा, तिसरा म्हणे आधी कुणीतरी हिशोब तर बघा. घरातला इंजिनिअर म्हणून हिशोबाचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाला, शेतीशास्त्राची पदवी नाही. पण दावा काय, पुरावा काय आणि आकडे जुळतात का, एवढं तपासणं आमच्या धंद्यात रोजचंच आहे. त्या निमित्तानं जे वाचलं, जे शेतात जाऊन पाहिलं ते इथं मांडतो. तुमच्यापैकी अनेकांची गावाकडं थोडीफार जमीन असेल आणि असा एखादा प्रस्ताव आज ना उद्या तुमच्याही ग्रुपवर येईल.

आमची माती

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं की उद्यमबागचे कारखाने संपता संपता पिरनवाडी येते आणि पुढं मच्छे. एका बाजूला शहर सरकत येतंय, दुसऱ्या बाजूला अजून भातशेती टिकून आहे. पश्चिमेला खानापूरकडं जावं तशी जमीन तांबडी होत जाते. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात काळी, भारी माती. त्या काळ्या शिवारातला बासमती आणि भातानंतर उरलेल्या ओलीवर येणारा मसूर यांचं नाव बेळगावबाहेरही आहे. पावसाआधी धूळवाफ पेरणी, सखल भागात रोप लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि मग मसूर, वाटाणा, हरभरा, असं आमच्याकडचं वर्ष चालतं.

या पट्ट्यात जमीन हा हळवा विषय आहे. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढा दिला तो पिकाऊ जमिनीसाठीच. त्यामुळे ‘मातीचं आरोग्य’ हा शब्द इथं भाषणातला राहत नाही. आपल्याकडं जे आहे ते वाढतंय की संपतंय, असा तो सरळ प्रश्न असतो.

पीठ आणि लाडू

मातीची रचना म्हणजे काय, हे स्वयंपाकघरातून लवकर समजतं. बेसन आणि बेसनाचा लाडू यांत जिन्नस तेच. पण पिठावर पाणी ओतलं की चिकट लगदा होतो, लाडू मात्र आपला आकार धरून बसतो. मातीतही वाळू, गाळ आणि चिकणमातीचे कण असतात. ते सुटे राहिले तर पहिल्याच जोरदार पावसात वरची माती चिखल होऊन वाहते आणि वाळली की तिच्यावर पापडी धरते. तेच कण सेंद्रिय पदार्थ, बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा चिकटा यांनी बांधले गेले तर त्यांचे छोटे रवे होतात. रव्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून पाणी मुरतं, हवा खेळते, मुळं वाट काढतात.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन ठिकाणची सुकी ढेकळं घ्या आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडा. आमच्या फणसाच्या झाडाखालचं ढेकूळ बराच वेळ जसंच्या तसं राहिलं. भाताच्या वाफ्यातलं, दरवर्षी रोटाव्हेटर फिरलेलं ढेकूळ बघता बघता विरघळून तळाशी बसलं आणि पाणी गढूळ झालं. माती एकाच शेतातली, अंतर वीस पावलांचं. काकांनी ग्लास उचलून बघितला आणि म्हणाले, “म्हणजे आमचं बेसन झालंय म्हण की.”

डार्विनची चिकाटी

गांडूळ या कामात कुठे येतं, हे पहिल्यांदा नीट मोजलं ते चार्ल्स डार्विननं. उत्क्रांतीवाला तोच डार्विन. त्यानं १८३७ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढं गांडुळांवर निबंध वाचला आणि या विषयावरचं त्याचं पुस्तक आलं १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. मधली चव्वेचाळीस वर्षं हा विषय त्याच्या डोक्यात होता. डिसेंबर १८४२ मध्ये त्यानं घराजवळच्या एका कुरणावर खडूचे तुकडे पसरवले आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, तिथं चर खणला. खडूचा पांढरा थर सात इंच खाली गेला होता. कुणी पुरला नव्हता. गांडुळांनी खालची माती खाऊन विष्ठेच्या रूपानं वर आणून टाकली होती आणि खडू हळूहळू खाली गेला होता. काही ठिकाणी वर्षाला एकरी दहा टनांहून जास्त माती अशी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशोब होता.

मुलांना सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला डार्विननं त्यांच्या कुंड्यांजवळ पियानो वाजवून घेतला. ती ढिम्म. मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि सूर वाजताच गांडुळं झटकन बिळात गेली. कान नाहीत, पण कंपनं कळतात, हे त्यानं ओळखलं.

डार्विनला न दिसलेला भाग नंतरच्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गांडूळ पालापाचोळा आणि माती एकत्र गिळतं. आतड्यात दोन्ही दळली जातात, त्यात चिकट द्रव मिसळतो आणि बाहेर पडणाऱ्या गोळीत सेंद्रिय पदार्थाचे बारीक तुकडे मातीच्या कणांत घट्ट गुंडाळलेले असतात. गोळी वाळून पक्की झाली की आतल्या त्या तुकड्यांपर्यंत जिवाणू आणि ऑक्सिजन सहज पोचत नाहीत. बरणीचं झाकण घट्ट लावावं तसा तिथला कार्बन काही काळ सुरक्षित राहतो. मातीची रचना आणि मातीतला कार्बन हे दोन विषय इथं एकत्र येतात. रवा टिकला तर आतला कार्बन टिकतो, रवा फुटला तर तो पुन्हा हवेत जातो.

इथपर्यंत माहितीपत्रक बरोबर होतं.

शेडमधलं वेगळं, शेतातलं वेगळं

गांडुळांच्या हजारो जाती आहेत आणि त्यांच्या राहणीवरून शास्त्रज्ञ ढोबळ तीन गट करतात. पहिला गट जमिनीच्या पृष्ठभागावर पालापाचोळ्यात, शेणात राहतो. माती फारशी खात नाही, खोल जात नाही. दुसरा गट मातीतच राहतो, आडवी बिळं काढत माती खातो. तिसरा गट उभी, खोल बिळं करतो आणि रात्री वर येऊन पाला ओढून खाली नेतो.

गांडूळखताच्या शेडमध्ये वाढवतात ती गांडुळं पहिल्या गटातली. आयसेनिया फेटिडा हे तांबडं गांडूळ युरोपातलं, युड्रिलस युजेनी हे आफ्रिकेतलं. खाणं भरपूर, वाढ झपाट्यानं, पिलावळ मोठी. शेण आणि काडीकचऱ्याचं खत करायला यांच्यासारखं कुणी नाही. पण त्यांना सोयीचं असतं ते शेण आणि ओला पाला. एप्रिलच्या उन्हात उघड्या, कोरड्या तांबड्या जमिनीत ती टिकत नाहीत. जमिनीत बिळं काढणं, माती खाऊन रवे बांधणं हे काम दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या स्थानिक गांडुळांचं. ती शेडमध्ये वाढवून विकण्याजोगी नाहीत आणि म्हणूनच माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता.

हा फरक आपल्याकडच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बेंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी युड्रिलसवर दीर्घकाळ काम केलं आणि दक्षिणेत गांडूळखत शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. गांडुळाला त्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात सेंद्रिय शेतीची ‘सिंड्रेला’ म्हटलं आहे. चेन्नईचे डॉ. सुलतान इस्माईल स्थानिक जातींचा आग्रह धरत आले, विशेषतः भारतात सर्वत्र आढळणाऱ्या लॅम्पिटो मॉरिशिआयचा. पुण्यात केमिकल इंजिनिअर असलेले डॉ. उदय भवाळकर यांनी खोल जाणाऱ्या गांडुळांवर काम उभं केलं. तिघांच्या पद्धती वेगळ्या. त्यांचं काम वाचल्यावर माझा प्रश्न बदलला. ‘गांडूळ चांगलं का?’ असं विचारण्याऐवजी ‘कोणतं गांडूळ, कुठं आणि कशासाठी?’ असं विचारायला हवं, हे लक्षात आलं.

आणि गांडूळ नेहमी भलंच करतं असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागांत हिमयुगानंतर गांडुळं उरलीच नव्हती, तिथं युरोपातून आलेल्या गांडुळांनी जंगलातला पाल्याचा जाड थर फस्त केला आणि त्या थरावर जगणाऱ्या झाडोऱ्याची पंचाईत झाली. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनचं जंगल तोडून केलेल्या कुरणांत पाँटोस्कोलेक्स नावाच्या एकाच जातीनं मुसंडी मारली. तिच्या ओल्या विष्ठेनं माती मोकळी होण्याऐवजी वरून बंद झाली. जंगलात ती विष्ठा फोडणारे इतर जीव होते, कुरणात ते नव्हते. हा अभ्यास १९९९ साली ‘नेचर’मध्ये आला. एकटं गांडूळ काही करत नाही. त्याच्याबरोबर अख्खी वस्ती लागते.

कार्बनचा ताळेबंद

आता मुख्य दाव्याकडे येऊ. गांडूळ कार्बन साठवतं की सोडतं?

दोन्ही. गांडूळ पाला फोडतं, त्यामुळे जिवाणूंचं काम वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. त्याच वेळी उरलेला काही भाग रव्यांत बंद होतो. २०१३ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात ५७ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. गांडुळांमुळे मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ३३ टक्क्यांनी आणि नायट्रस ऑक्साइड ४२ टक्क्यांनी वाढतो, आणि मातीतला एकूण कार्बन वाढल्याची खूण मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. नायट्रस ऑक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा वायू आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासगटानं ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये उलट बाजू मांडली: बाहेर पडणारा कार्बन वाढतो हे खरं, पण स्थिर होणारा कार्बन त्याहून जास्त प्रमाणात वाढतो. वाद अजून चालू आहे. मातीचा प्रकार, खाद्य आणि काळ बदलला की उत्तर बदलतं.

पिकाच्या बाबतीत मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे. २०१४ च्या एका आढाव्यात गांडुळं असलेल्या मातीत पिकाचं उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी जास्त आढळलं. २०२३ मध्ये जगाच्या धान्य उत्पादनातला सुमारे साडेसहा टक्के वाटा गांडुळांमुळे येतो, असा अंदाज प्रसिद्ध झाला. म्हणजे शेतातल्या गांडुळाचा फायदा शेतकऱ्याला होतो तो आधी धान्यातून. हवामानाच्या बाजारात त्याची किंमत किती, हे नंतरचं.

ती किंमत मी कागदावर काढली. आकडेमोड सोपी आहे, दहावीतल्या मुलालाही जमेल.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरचा १५ सेंटीमीटरचा थर धरला आणि एका घनमीटर मातीचं वजन १.३ टन मानलं, तर एकरातल्या त्या थराचं वजन साधारण आठ लाख किलो भरतं. माती परीक्षणात सेंद्रिय कार्बन अर्ध्या टक्क्याखाली असेल तर ‘कमी’, ०.५ ते ०.७५ ‘मध्यम’, त्याच्या वर ‘जास्त’ म्हणतात. हा आकडा नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तरी एकरात ८०० किलो कार्बन नव्यानं टिकून राहायला हवा.

आता गांडूळखत. सरकारी मानकाप्रमाणे त्यात किमान १८ टक्के सेंद्रिय कार्बन असावा लागतो. ओलावा वगैरे धरून एका टनात दीडशे किलोच्या आसपास कार्बन आला. एकरी एक टन खत घातलं आणि त्यातला कणही हवेत गेला नाही असं मानलं, तरी ०.१ टक्का गाठायला पाच-सहा वर्षं. आणि प्रत्यक्षात घातलेल्या सेंद्रिय कार्बनचा मोठा भाग काही वर्षांत कुजून हवेत जातोच. शिवाय शेणाचं, काडीकचऱ्याचं गांडूळखत होईपर्यंत त्यातला निम्म्याच्या आसपास कार्बन शेडमध्येच उडून गेलेला असतो. तेच शेण गोठ्यातून उकिरड्यावर आणि तिथून शेतात असं पूर्वीही जातच होतं. ते शेडमधून फिरवून आणलं म्हणून हवेतला नवा कार्बन पकडला गेला असं होत नाही. डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात ठेवून पगारवाढ झाली म्हणण्यासारखं ते आहे.

यामुळे गांडूळखत वाईट ठरत नाही. त्यातलं अन्नद्रव्य पिकाला चटकन मिळतं, भाजीच्या रोपवाटिकेत आणि कुंड्यांत ते उत्तम. खत म्हणून घ्यावं. कार्बनची तिजोरी म्हणून घेऊ नये.

एका क्रेडिटला सात एकर

पॅरिसच्या २०१५ च्या हवामान परिषदेत ‘हजारी चार’ नावाचा उपक्रम सुरू झाला. जगभरच्या मातीतला कार्बन दरवर्षी हजारात चारनं वाढवायचा, हे त्याचं ध्येय. हे ध्येय महत्त्वाकांक्षी आहे असं शास्त्रज्ञच म्हणतात. आमच्या शेतानं ते दरवर्षी गाठलं असं समजू.

तीस सेंटीमीटर खोलीपर्यंत एकराची माती सोळा लाख किलो. कार्बन ०.६ टक्के धरला तर साडेनऊ टन. त्याचे हजारात चार म्हणजे वर्षाला ३८ किलो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करताना ४४ भागिले १२ नं गुणायचं. आले सुमारे १४० किलो. एक क्रेडिट म्हणजे एक टन. म्हणजे एका क्रेडिटला सात एकर आणि एक वर्ष. आमच्या दोन एकरांना पंधरा वर्षांत मिळून चार क्रेडिट. उत्तम व्यवस्थापनानं वाढ तिप्पट झाली असं मानलं तरी बारा-तेरा. त्यातून मोजणीचा, तपासणीचा आणि मध्यस्थाचा खर्च जायचा. याच्या बदल्यात पंधरा वर्षं जमिनीत काय करायचं आणि काय नाही, हे कराराचा कागद ठरवणार होता.

प्रतिनिधीला फोनवर चार प्रश्न विचारले. सुरुवातीचा कार्बन किती खोलीपर्यंत आणि किती ठिकाणी मोजणार? मातीची घनता मोजणार की पुस्तकातून घेणार? अकराव्या वर्षी रस्त्यासाठी जमीन गेली किंवा कुणी नांगरट केली तर साठलेल्या कार्बनची जबाबदारी कुणाची? आणि क्रेडिटची मालकी शेतकऱ्याची की कंपनीची? पहिल्या दोन प्रश्नांना ‘सॅटेलाइट’ हे उत्तर आलं. उरलेल्या दोन्हींची उत्तरं करारातच होती, छोट्या अक्षरांत: जबाबदारी शेतकऱ्याची, मालकी कंपनीची. शेतकऱ्यांचे मोठे गट करून काटेकोर मोजणी करणारे प्रकल्पही असू शकतात. पण ही चार उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय सही करू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

मग शेतातलं गांडूळ कसं वाढतं?

ते विकत आणावं लागत नाही. त्याला खायला द्यायचं आणि त्याचं घर मोडायचं नाही, एवढंच. करायला मात्र हे सोपं नाही.

घर मोडतं ते वारंवारच्या नांगरटीनं आणि रोटाव्हेटरनं. भातात चिखलणी होते ती तर मातीचे रवे मुद्दाम फोडण्यासाठीच, म्हणजे खाली घट्ट थर बसून पाणी साचून राहील. भाताला ते हवं असतं. मागून येणाऱ्या मसुराला तो थर नडतो. गांडुळं मरतात ती दाणेदार कीटकनाशकांनीही. आमच्याकडे ऊस-भाजीला सर्रास वापरलं जाणारं फोरेट गांडुळांनाही घातक. त्यावर देशभर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली.

खाद्याचा प्रश्न आमच्या सीमाभागात ठळक दिसतो. निपाणीकडं ऊस भरपूर. उसाचं पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. त्यात कार्बन ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकरी हजार-बाराशे किलो तरी कार्बन. गांडूळखताच्या टनातले दीडशे किलो आठवा आणि तुलना करा. ऊसतोडीनंतर फडाला काडी लावली की हा सगळा कार्बन एका संध्याकाळी धूर होतो. पाचट सरीत ठेवलं तर त्यातलाही बराचसा पुढं कुजून जाईल, पण जाता जाता शेतातल्या गांडुळांना आणि बुरशीला पोसेल.

यावर आपल्या परिसरात काम केलेली माणसं आहेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात मोजमाप करायला शिकवलं. कोल्हापूरचेच प्रताप चिपळूणकर गेली अनेक वर्षं विनानांगरणी शेती करतात आणि त्यावर सोप्या मराठीत लिहितात: पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्या, वरून आणून घातलेल्या खतापेक्षा तिथंच वाढलेली मुळं जास्त कामाची. नेरळच्या सगुणा बागेतले चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केलं. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जागेवरच. तिथं शेतात गांडुळं परतल्याचं शेतकरी सांगतात. या तंत्रात तणनाशक वापरावं लागतं, हा त्यावरचा आक्षेपही खरा आहे. नांगर सोडला की तणाशी दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं लढावं लागतं.

काकांचा आक्षेप वेगळाच होता. “गांडूळ बांधाला भोकं पाडतंय की. रात्रीत वाफा रिकामा. तुझं पुस्तक तेव्हा पाणी भरायला येतंय काय?” शोधलं तर फिलिपिन्समधल्या इफुगाओच्या प्रसिद्ध भातपायऱ्यांवरचे शेतकरीही नेमकी हीच तक्रार करतात. पाणी मुरवणारं बीळ मसुरात वरदान आणि भाताच्या बांधात गळती. काकांनी हे वाचलं नव्हतं. चाळीस पावसाळे बांधावर उभं राहून पाहिलं होतं.

काय ठरलं

कंपनीला आम्ही नाही कळवलं. गोठ्यात दोन म्हशी आहेत. त्यांच्या शेणासाठी परड्यात एक गांडूळखताचा बेड घेतला, भाजीच्या वाफ्यांपुरता. दोन एकरांतला वीस गुंठ्यांचा वरचा तुकडा, जिथं तसंही पाणी ठरत नाही, तो विनाचिखलणी भात आणि मागून मसूर यासाठी ठेवला. खालच्या वाफ्यात काकांची रीत जशी आहे तशीच. तणाचं काय करायचं यावर दोघांचं अजून एकमत नाही. यंदा मजूर लावून काढू, परवडलं नाही तर बघू, इतपत आलोय.

मोजणीची रीतही ठरवली. पावसाळ्यात जमीन ओली असताना एक फूट लांब, एक फूट रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्यायचा, माती गोणपाटावर पसरून गांडुळं मोजायची आणि पुन्हा सोडून द्यायची. यंदा फणसाखाली अकरा मिळाली, वरच्या तुकड्यात दोन, खालच्या वाफ्यात एकही नाही. दरवर्षी जुलैत त्याच तीन जागा मोजायच्या, दर तीन वर्षांनी माती परीक्षण करायचं. मुलांना हे काम फार आवडतं. मोठ्यांनी किळस दाखवली नाही तर त्यांनाही वाटत नाही.

जमीन विकायची की ठेवायची, याचा निकाल अजून लागलेला नाही. प्लॉटचा दर आणि भाताचा दर यांची तुलनाच होत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळतं. विकायला सांगणारा चुलत भाऊ काही लोभी नाही. त्याला काकांच्या म्हातारपणाची काळजी आहे. मी फक्त एक आकडा ग्रुपवर टाकला. दोन-तीन सेंटीमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंसुद्धा लागू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. काँक्रीटखाली गेलेल्या जमिनीत पाला पडत नाही, पाणी मुरत नाही आणि गांडूळही राहत नाही. त्यावर दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग चुलत भावानं विचारलं, “जुलैत खड्डे मोजायला कधी जाणार आहेस? मी पण येतो.”